पाचवं ताट

पाच दिवसांनी फोन हातात परत मिळाला, तेव्हा तो बंद पडलेला होता. भोपाळच्या निवड केंद्राच्या फाटकाजवळच्या खोलीत आम्ही निवड न झालेल्या मुली बॅगा घेऊन उभ्या होतो. छातीवरचे नंबर काढून दिले होते. मी फोन चार्जरला लावला, तो सुरू झाला आणि वाजायचा थांबेचना. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सतरा मिस्ड कॉल होते. आबा मेंढरांमागे असले की फोन पिशवीच्या तळाशी असतो; दिवसात दोनदासुद्धा ते कुणाला फोन करत नाहीत. मी लावला. आधी मेंढरांचा आवाज आला, मग आबांचा. "जेवलीस का?" मी म्हटलं, "आबा, माझं झालं नाही." "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसती मेंढरंच ऐकू येत राहिली... "सारके, नाना गेलं गं. मंगळवारी सकाळी. तुझा फोन लागंना. मग आमी उरकून घेतलं."

मंगळवारी सकाळी मी केंद्रातल्या एका मोठ्या हॉलमध्ये बसून पडद्यावरच्या चित्रांवर गोष्टी लिहीत होते. चार मिनिटांत एक गोष्ट. माझ्या सगळ्या गोष्टींत शेवट चांगला होत होता, कारण तसाच करायचा असतो असं कुणीतरी सांगितलं होतं. इकडे नाना गोठ्यात धार काढायला बसले आणि तिथेच कलंडले. त्यांच्याशी मी नीट बोलले त्याला तेव्हा दोन महिने होत आले होते. एका घरात राहूनही. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. लिहावं की नाही, हे अजूनही नक्की कळत नाही. कारण मी एकदा नानांबद्दल चारचौघांत चांगलं बोलले होते आणि सगळं बिघडलं ते त्यानंतरच.

नाना माझ्या नात्यातले नव्हते. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतच्याही पुढे. तिथून कर्नाटक जवळ आणि पाऊस लांब. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन साताऱ्याकडे निघतात, तसे माझे आजोबाही निघायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. साताऱ्याजवळच्या एका गावात सुबराव नानांचं रान होतं आणि त्या रानात आमची मेंढरं माझ्या जन्माच्या आधीपासून बसत आली आहेत. लहानपणी मीही त्या रानात झोपले आहे. नाना म्हणजे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सरळ पाठीचा, कमी बोलणारा माणूस, एवढंच तेव्हा माहीत होतं. बारावीला मला बरे मार्क पडले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नाना आबांना म्हणाले, "बिराप्पा, पोरगी माझ्याकडं ठेव. पोरगा पुण्याला, घर मोकळंच हाय. साताऱ्याला कॉलेज चांगलं हाय, दारातनं यष्टी मिळती." आबांनी एकच प्रश्न विचारला, "आवं नाना, घोंगडं घिऊन येऊ दे का तिला, का तुमच्यात हाय?" नाना हसले. अशी मी त्या घरात आले.

पहिल्या संध्याकाळी मला जेवायला बोलावलं, तेव्हा ताट बघून मी उभीच राहिले. साधंच स्टीलचं ताट होतं. पण चमचा उजव्या बाजूला, अगदी सरळ, ताटाच्या कडेपासून जणू मोजून ठेवलेला. पाण्याचा पेला चमच्याच्या टोकाशी. आणि पेल्यात पांढऱ्या फडक्याची घडी करून पंखा उभा केलेला. मला वाटलं हे देवाला दाखवायचं असेल. मी बाजूला सरकून बसले तशा काकी, म्हणजे नानांच्या पत्नी, खळखळून हसल्या. "आगं जेव, तुझंच हाय. ह्यांचं आसलंच असतंय. मी चाळीस वर्सं बघतीया. लगीन झालं तवा मला वाटलं, सासरी लय मोठी मानसं हायेत का काय!" नाना माझ्या मागे, डाव्या बाजूला उभे होते आणि भाजी वाढायला वाकले होते.

त्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सैन्यात आहे किंवा होतं. सोसायटीच्या ऑफिससमोर सिमेंटचं एक बाकडं आहे. तिथे रोज संध्याकाळी चार-पाच माजी सैनिक बसतात. त्यातले सुभेदार तात्या बोलायला मोठे, एक बर्फाची गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की ती आता पोरांनाही पाठ होती. प्रत्येकाची अशी एकेक गोष्ट होती आणि त्या गोष्टीवर त्याची बाकड्यावरची जागा ठरलेली होती, असं मला पुढे कळत गेलं. नाना कडेला बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "लय थंडी हुती गड्या," आणि थांबत. लोकांना वाटायचं, या माणसाने फार काही बघितलंय म्हणून तो बोलत नाही. मलाही तसंच वाटायचं. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला नाना निळा कोट घालून, दोन पदकं लावून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसायचे. त्या दिवशी काकी त्यांच्याकडे वेगळंच बघायच्या.

आमच्याकडच्या मुलींना खाकीची एकच वाट माहीत असते, ती म्हणजे पोलीस भरती. मीही त्याच वाटेवर होते. रोज सकाळी धावायचे, गोळाफेक करायचे. कॉलेजात एनसीसी घेतली तीसुद्धा भरतीत उपयोग होईल म्हणून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एनसीसीच्या मॅडम म्हणाल्या, "सारिका, तू सीडीएसची परीक्षा का देत नाहीस? पदवीनंतर थेट लष्करात अधिकारी होता येतं." मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत का ते. मला इंग्रजी नीट बोलता येत नव्हतं. अजूनही अडखळतेच. घरी फोनवर सांगितलं तर आबांनी विचारलं, "म्हंजे फौजदारापेक्षा मोठं का?" मी म्हटलं, "हो आबा, बहुतेक." "मग मला काय कळायचं न्हाई त्यातलं. नानांस्नी इचार." आई मागून म्हणाली, आधी पोलिसाचं होऊ दे, हातातलं सोडू नको. तिचंही खरंच होतं. दोन्हीची तयारी एकदम होत नव्हती. भरतीसाठी दिवस मैदानावर जायचा आणि या परीक्षेसाठी पुस्तकांत. एक वाट धरली की दुसरी सुटणार होती.

मी नानांना विचारलं तेव्हा ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. लेखी परीक्षा, मग पाच दिवस केंद्रात राहून मुलाखत आणि चाचण्या, असं मी सांगत होते. "पाच दिवस जेवायचं कुठं?" त्यांनी मध्येच विचारलं. मी म्हटलं, "तिथंच, मेसमध्ये." नाना शेंगा तशाच ठेवून आत गेले. मला वाटलं, त्यांना हे पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर माझ्या अभ्यासाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. तिला एक सुरकुती नव्हती. वर चिनी मातीची एक थाळी, दोन्ही बाजूंना काटे, सुऱ्या, चमचे, आणि तो कापडी पंखा. काकी त्या वेळी रोज रानात असायच्या. नानांनी पुढचं दार लावून घेतलं. "बस," म्हणाले. मी बसले. "आता सांगतो ते ऐक. मी बाविस वर्सं हापिसरांच्या मेसमधी हुतो. वाढायच्या कामाला. सीमेवर हुतो ते खोटं न्हाई, मेस बी सीमेवर असतीया. पन बंदूक मी परेडपुरती धरली. माझ्या हातात हे हुतं." त्यांनी थाळीकडे बोट केलं. ते म्हणाले, "सायेब कसा असतो, ते मी चोवीस तास जवळनं बघितलंय. तेवढंच मला येतं. तुला पायजे आसल तर देतो."

मला वाटलं काटा-सुरी शिकवतील. तीही शिकवली, पण ते चार दिवसांचं काम होतं. खरा धडा वेगळाच होता. नाना डाव्या बाजूने वाढायला वाकले की मी उठून उभी राहायचे. गेली दोन वर्षं रोज तसंच चाललं होतं; मला ते करावं लागत नव्हतं, आपोआप व्हायचं. आमच्या घरी बायका शेवटी जेवतात, आणि वडीलधारा माणूस वाढतोय आणि आपण बसलोय हे माझ्या अंगालाच माहीत नव्हतं. "बस. उठायचं न्हाई," नाना म्हणायचे. मी पुन्हा उठायचे. "आवं नाना, मला कसंतरीच होतंय." "व्हऊ दे. हेच शिकायचं हाय तुला. तू उठलीस तर वाढनाऱ्याचा हात हलतो, सांडतं. त्याचं काम त्याला करू दे. तू फक्त त्याच्याकडं बघ, त्याचं नाव ठेव ध्यानात, आन् थँक्यू म्हन. बघितलं न्हाईस तर तू उर्मट. उठलीस तर तू घाबरट. दोन्ही सायबाला चालत न्हाई." तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा पूर्ण जेवण बसून जेवले. उठले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. नाना थाळी उचलत म्हणाले, "म्याडमसाब, रडायचं हात धुऊन झाल्यावर." त्या दिवसापासून ते मला थट्टेने म्याडमसाबच म्हणू लागले, पण दार लावलेलं असलं तरच.

त्या तासांत ते पुष्कळ बोलले. बाकड्यावर कधी न बोललेलं. एकदा एक नवा लेफ्टनंट आला, विशीतला पोरगा, पहिल्याच मोठ्या जेवणाला त्याच्या हातून पांढऱ्या चादरीवर डाळ सांडली. सगळ्यांच्या बायका, मोठे साहेब बसलेले. नाना वाढत वाढत गेले आणि फुलदाणी उचलून त्या डागावर ठेवली, जणू तिची जागा तिथेच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पोरगा मेसच्या मागे आला आणि नानांना सलाम करून गेला. "हापिसरनं मला आदी सलाम केला," नाना म्हणाले. "नियमात बसत न्हाई ते. पन केला." मी विचारलं, "ही गोष्ट तुम्ही बाकड्यावर का सांगत नाही?" ते चमचे पुसत होते. "ती डाळीची गोष्ट हाय," ते म्हणाले. "तिथं बर्फाच्या गोष्टी चालत्यात."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की नानांनी कधी "कुणाला सांगू नको" असं म्हटलं नव्हतं. खरंच म्हटलं नव्हतं. पण ते दार लावून घ्यायचे, आणि दार का लावतात हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

मी भरतीचं मैदान सोडलं, पुस्तकं धरली आणि लेखी परीक्षा पास झाले. नोव्हेंबरमध्ये यादीत नंबर दिसला तेव्हा काकींनी गावभर साखर वाटली. या गावाने सैन्याला कितीतरी जवान दिले होते, अधिकारी मात्र एकही नाही, आणि मुलगी तर नाहीच नाही. मी त्या गावची नसले तरी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठेवला. मला बोलायला सांगितलं. मी आदल्या दिवशी भाषण लिहून काढलं होतं. त्यात नानांचे आभार होते, फक्त "मला घरात ठेवून घेतलं" एवढेच. माईकसमोर उभी राहिले. पहिल्या रांगेत निळा कोट घालून नाना बसले होते, आणि ते माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होते ते बघून मला ते लिहिलेलं फार थोडं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता असं काही बोलावं की सगळ्यांच्या मनात राहील. मी बोलून गेले. बावीस वर्षं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढण्याचं काम केलेल्या माणसाने मला टेबलावर बसवून, स्वतः मागे उभं राहून, अधिकारी कसा असतो ते शिकवलं. मी डाळीची गोष्टही सांगितली.

मग सुभेदार तात्यांचा आवाज आला, "आयला, म्हंजे आमी इतकी वर्सं समजत हुतो नानाकडं बंदूक हुती, निघाली पळी व्हय रं!" सगळं मैदान हसलं. वाईट मनाने हसले असं नाही, तात्या कुणालाही तसंच बोलतात. नानाही हसले. मी त्यांच्याकडेच बघत होते. हसताना त्यांचा हात कोटाच्या पदकांवर गेला आणि तिथेच राहिला. टाळ्या पडल्या, मला नारळ दिला. घरी आल्यावर नानांनी कोट खुंटीला लावला आणि काकींना म्हणाले, "मला भूक न्हाई." काकींनी माझ्याकडे बघितलं. नाना मेसमध्ये काम करत होते हे काकींनाही त्याच दिवशी कळलं होतं. चाळीस वर्षं त्या पांढऱ्या फडक्याच्या पंख्याकडे बघत होत्या आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर नाना बाकड्यावर गेले ते दोनदाच. पहिल्यांदा कुणीतरी "नाना, पाच चहा आना" म्हणालं. दुसऱ्यांदा काय झालं मला माहीत नाही. मग संध्याकाळी ते गोठ्यातच बसू लागले. माझं ताट मांडायचे, पण पेल्यात पंखा नसायचा. आणि ते वाढायला थांबायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "नाना, आज शिकवाल का?" "आता तुला येतंय की सगळं," ते म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर मला माफी मागता आली असती... मी रोज ठरवायचे आणि रोज पुस्तकात डोकं घालायचे. मुलाखतीचं पत्र आलं, तेही मी टेबलावर नुसतं ठेवून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि नीट घडी करून परत ठेवलं, इतकंच मला घडीवरून कळलं.

निघायच्या दिवशी ते गोठ्याच्या दारात उभे होते. मी पाया पडले. म्हटलं, "नाना, येते." मला अजून काहीतरी म्हणायचं होतं आणि यष्टीचा हॉर्न वाजला. "हं," ते म्हणाले. "बुटाची नाडी बघ." खाली बघितलं तर खरंच सुटली होती. मी वाकून बांधली, वर बघितलं तर ते आत गेले होते.

आधी आजीला भेटायला आमच्या गावी घरी गेले आणि मग मिरजेहून गाडी धरली. घरी मला परीक्षेला जाणारी म्हणून चुलत्यांच्या पंगतीत बसवलं. आई वाढायला आली आणि मी तीनदा उठले. चुलते म्हणाले, "बस की गं, काय मुंग्या चावत्यात?" मला वाटलं, म्हणजे मी काहीच शिकले नाही.

केंद्रात पहिल्या दिवशीची चाळणी मी पार केली. त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा मेसमध्ये जेवायला बसलो. लांब टेबल, पांढरी चादर. माझ्या डाव्या खांद्यामागून एक हात आला, भाजीचा चमचा धरलेला, शिरा वर आलेला, म्हाताऱ्या माणसाचा. माझं सगळं अंग उठायला निघालं. मी खुर्चीची कड धरली आणि बसून राहिले. वळून त्यांच्याकडे बघितलं, नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी थँक्यू म्हटलं. बाकी मुली इंग्रजीत काय काय बोलत होत्या, मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त घरी फोन करायचा होता, आणि फोन जमा केलेला होता.

मंगळवारी दुपारी मुलाखत झाली. म्हणजे तेव्हा नानांना जाऊन काही तास झाले होते, पण मला ते माहीत नव्हतं. साहेबांनी विचारलं, तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? मी म्हटलं, मी ज्यांच्या घरी राहते त्या नानांचा, ते हवालदार होते. "कुठे, काय काम करत होते?" साहेबांनी विचारलं. पूर्ण गोष्ट माझ्या ओठांवर होती. ती किती चांगली गोष्ट आहे हे मला ठाऊक होतं, आणि ती सांगितली असती तर कदाचित मला फायदाही झाला असता. साहेब थांबले होते. शेवटी मी म्हटलं, "सर, ते पायदळात होते. कामाबद्दल... ते मी सांगायचं नाही, सर. ते त्यांचं आहे." साहेबांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. शुक्रवारी माझा नंबर पुकारला नाही. त्या उत्तरामुळेच असं मी म्हणणार नाही, मैदानावरच्या गटाच्या कामातही मी पुष्कळ ठिकाणी अडखळले होते. पण ते उत्तर बरोबर होतं की मी पुन्हा एकदा त्यांच्या कामाची लाज झाकून ठेवली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावात पोचले तेव्हा पाचवा दिवस होता. काकींनी नुसतं पाणी दिलं. दहाव्याच्या दिवशी नदीवर सुभेदार तात्या माझ्याजवळ येऊन बसले. मी तोंड फिरवलं. ते म्हणाले, "पोरी, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय." आणि त्यांनी सांगितलं ते असं.

सोमवारी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, नाना बऱ्याच दिवसांनी बाकड्यावर आले. सगळ्यांना म्हणाले, सांजच्याला घरी जेवायला या, चौघंबी. हे चौघे हसत हसत गेले, आज नाना मेस चालवतोय म्हणत. आत गेले तर ओटीवर दोन टेबलं जोडलेली, वर पांढरी चादर. नानांनी पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेली, हातात पांढरे मोजे. पाच ताटं मांडलेली, पाच पेल्यांत पाच पंखे. "मी म्हनलं, नाना, आमी तर चौघं. पाचवं कुनाचं?" तात्या सांगत होते. "तर म्हनला, सायेब अजून पोचल्या न्हाईत. थांबायचं. मोठ्या सायबानं घास घेतल्याबिगर कुनी घास घ्यायचा नसतो. आन् पोरी, थांबवलं की गं आमाला! धा मिंटं. समोर मटन, वास सुटलेला, आन् आमी शाळंतल्या पोरांगत हात मांडीवर ठिवून बसलोय." तात्यांना हसू आलं आणि मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मग म्हनला, आता सायेब तिकडं बसल्या असत्याल. करा चालू. आन् वाढाय लागला. मागनं, डाव्या अंगानं. मी उठाय गेलो, तर माझ्या खांद्यावर हात ठिवला. सुभेदारसाब, बसा, म्हनला, उठायचं न्हाई. मी तीस वर्सं नोकरी केली पोरी. मला असं कुनी वाढलं न्हवतं. आमी जवानांच्या लंगरात रांगंत उभं ऱ्हाऊन जेवलेलो. आमच्यातला एक बी हसला न्हाई नंतर."

काकी म्हणतात, नानांनी मला माफ केलं होतं, नाहीतर पाचवं ताट का मांडलं असतं? तात्याही तेच म्हणतात. मला तसं मानायला आवडेल. पण मला हेही वाटत राहतं, की जे त्यांनी चाळीस वर्षं दार लावून जपलं, ते दार मी उघडलं, आणि मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना दोन टेबलं एकट्याने ओढून, दिवसभर उभं राहून, हसणाऱ्यांना जेवू घालावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतंच, त्याचा याच्याशी संबंध नाही. मी डॉक्टरांचं ऐकते. पूर्ण पटत नाही.

हे लिहायच्या आधी मी काकींना विचारलं. या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. आता त्यांनीच दार उघडं ठिवलंय. पन डाळीची गोष्ट नीट लिही, फुलदानी पितळंची हुती." मला ते माहीत नव्हतं. म्हणजे त्या चार भिंतींत नंतर कधीतरी, त्या शेवटच्या दोन महिन्यांत, नानांनी काकींनाही ती गोष्ट सांगितली होती.

आईने पोलीस भरतीचा फॉर्म पाठवला आहे. तो टेबलावर आहे. त्याच्या शेजारी सीडीएसच्या पुढच्या परीक्षेचाही आहे आणि तो मी काल भरला. पुन्हा निवड होणार नाही अशी भीती आहेच. पण भरला.

पाचवं ताट काकींनी उचललं, पेल्यातला पंखा मात्र तसाच फडताळात ठेवला आहे, उलगडलेला नाही. मला तशी घडी घालता येते, नानांनी शिकवली होती. काल संध्याकाळी मी दुसरं एक पांढरं फडकं घेतलं, टेबलावर चादर अंथरली, एकच ताट मांडलं आणि काकींना हाक मारली. त्या आल्या आणि बघून तिथेच थांबल्या. या घरात त्या कधी टेबलावर बसून जेवलेल्या नाहीत, सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बसून जेवतात. मी खुर्ची ओढली. त्या कशाबशा बसल्या. मी डाव्या बाजूने भाजी वाढायला वाकले, तशा त्या पदर सावरत उठल्या. "आगं, मी घिती की माजं माजं..."

"काकी, बसा," मी म्हटलं. "उठायचं न्हाई."

त्या बसल्या. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी घास घ्यायला बराच वेळ लावला. मी मागे उभी होते. दार उघडंच होतं.